लिंब कोणी लावला

हसनाबाद, ४ एप्रिल १९९५

उद्या अण्णांचं तेरावं. चार शब्द मला बोलायचे आहेत. संध्याकाळी भाषण आईला वाचून दाखवलं, ‘शाळेपुढे लिंब लावण्यात आला. त्याला रोज पाणी घालण्यात आलं.’

आई म्हणाली, “हापिसातला कागद वाचून राह्यला का बापू? ह्यात हे कुठंच न्हाईत.”

कसे असतील? ‘अण्णांनी’ म्हटलं की माझा आवाज जातो, म्हणून तर तसं लिहिलं. पण लिंब काय आपोआप उगवला?

खोडून लिहिलं, ‘अण्णांनी लिंब लावला.’ हळूच वाचलं. तर ते बादली घेऊन आले, रोपापाशी वाकले. फुलोऱ्याचा मंद वास आला. पुढचं वाक्य लिहायची घाई केली नाही. त्यांचं पाणी घालून होईपर्यंत थांबलो.