प्लॅसेंटा आणि घावन

४ जानेवारी

आजपासून झोपून राहायचं! सातवा महिना, आणि सकाळी अंगावरून रक्त गेलं. प्लॅसेंटा — आपली वार — गर्भाशयाच्या तोंडावरच बसलीय. वर सरकली तर ठीक, नाहीतर सिझेरियन. पुन्हा रक्त गेलं तर... पुढचं डॉक्टरांचं मी ऐकलंच नाही. भीती वाटते. फार.

५ जानेवारी

सासूबाईंची चिंता वेगळीच. "बाळंतपण झाला की वार मागून घेवा हां. घराकडे पुरूक व्हयी." मुलुंडला तिसऱ्या मजल्यावर! पुरणार कुठे, पार्किंगमध्ये? मी हसले. त्या हसल्या नाहीत.

१६ जानेवारी

सुयोग ऑफिसला, मी पलंगावर. शाळेत नऊ वर्षं जीवशास्त्र शिकवते, पण प्लॅसेंटा हा शब्द आला कुठून ते आज शोधलं! लॅटिनमध्ये त्याचा अर्थ चपटा केक. साधारण साडेचारशे वर्षांपूर्वी इटलीतल्या एका शरीरशास्त्रज्ञाला वार तशीच दिसली — गोल, चपटी.

सासूबाई तव्यावर तांदळाची गोल, पातळ घावनं घालत होत्या. ओरडून म्हटलं, आई, वारेला तुमच्या घावनाचं नाव दिलंय!

"खराच?" उलथनं घेऊनच दारात आल्या. म्हणाल्या, "पोटात बाळाक तीच जेवण वाढता. बरोबर नाव ठेवल्यानी."

मला हे वर्गात कधी सुचलं नव्हतं.

२ फेब्रुवारी

सोनोग्राफी. वार तिथेच! हट्टी मेली. घरी येऊन खूप रडले. आई पाय चेपत बसल्या.

२२ फेब्रुवारी

मुलगी!! दोन किलो सहाशे. काय झकास रडली! मी पण.

वार मिळाली नाही. आईंनी सुयोगला तीनदा पाठवलं — "देता येत नाही, नियम आहे." आई खुर्चीवर बसून राहिल्या. या वेळी मला हसू आलं नाही.

२६ फेब्रुवारी

घरी आलो. बाल्कनीत तुळशीच्या कुंडीतली माती उकरलेली. आई लाजत म्हणाल्या, "घावन पुरलंय. तूच सांगलंस मां!" किती गोड आहेत.

२७ फेब्रुवारी

तुळशीशेजारच्या मोगऱ्याच्या कुंडीतलीही माती उकरलेली. विचारलं, इथे पण?

आईंनी बाळाचं दुपटं नीट केलं. "सुयोगाच्या आधी एक मुलगी झाली होती. आठ दिसच जगली. तिची वार हॉस्पिटलातच रवली."