किड्यांच्या सिनेमाचा शेवट

बाई, ती सीडी मी खराब केली होती. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, आणि हे मी आज लिहितोय.

किड्यांचा तो जुना इंग्रजी कार्टून सिनेमा. माणसांच्या पायांखाली गवत तुडवलं जातं, म्हणून सगळे किडे नवी जागा शोधायला निघतात. बेडश्याच्या शाळेत दर शनिवारी तुम्ही खिडक्यांना सतरंज्या लावून तो थोडा थोडा दाखवायच्या. आवाज बंद करून सगळ्या किड्यांचं बोलणं तुम्हीच बोलायच्या. आम्ही ‘न्हाई’ म्हटलं की तुम्ही ‘नाही’ म्हणायला लावायच्या, पण टोळाच्या तोंडी आमचीच भाषा असायची: "चल गं मुंगे, हितं काय ऱ्हायलंय आता?"

शेवटाजवळ आलो तेव्हा चित्र जरासं अडकायला लागलं. मी सहावीत होतो, कपाटाची किल्ली माझ्याकडे असायची. आई तांब्या घासते तशी मी ती सीडी राखेने घासली, दोन्ही बाजूंनी, अगदी मन लावून. पुढच्या शनिवारी शेवटचा भाग लागलाच नाही. "कोणी हात लावला हिला?" तुम्ही विचारलं. मी किल्ली खिशात सारली. तुम्ही सीडी उजेडात धरून पाहिली आणि म्हणालात, "ठीक आहे. शेवट आपण करू."

टीव्ही बंद. आता किडे आमच्याच गावच्या लेण्यांच्या पायऱ्यांखाली सभेला बसले आहेत. "आता कुटं जायाचं?" टोळ विचारतो. "आमच्या परड्यात!" मागून कोणीतरी ओरडतं. "तितं तुज्या आयच्या कोंबड्या हायेत, मरायला येऊ व्हय?" मुंगी म्हणते आणि वर्ग हसून लोळतो. वर्षभर दर शनिवारी नवी जागा निघाली, आणि मुंगीला एकही पटली नाही. असं शिकवणारं मी पुन्हा कोणी पाहिलं नाही. आठवीत माझी शाळा सुटली, तेव्हा मला त्या तासाचंच वाईट वाटलं.

तरी खरा शेवट मी सगळ्या वर्गाचा घालवला, ही बोच राहिली. आता मी लोणावळ्यात बंगल्यांच्या बागा सांभाळतो. परवा तो सिनेमा मोबाइलवर सापडला. आधी एकट्याने पूर्ण पाहिला. खरा शेवट चांगला आहे, बाई. किड्यांना जागा मिळते. मला तो आपल्या शेवटांपेक्षा जास्त आवडला, हेही लिहूनच टाकतो.

काल मुलीला दाखवला. आवाज बंद करून मीच बोललो, चाचरत. त्याच ठिकाणी थांबवून विचारलं, "आता कुटं जायाचं?"

"आपल्या कुंडीत!"

"कुंडीत तुजा बाप रोज पाणी ओततोय, बुडायला येऊ व्हय?"

ती खूप हसली. मग म्हणाली, "पप्पा, खरं काय झालं ते दाखवा ना."

मी म्हटलं, बॅटरी संपली. अर्धी शिल्लक होती.