हातात चपला

३ जून
‘तिसरा जिना’ पुन्हा येतेय. नवे नट, नवा डिटेक्टिव्ह. तीस वर्षांपूर्वीची ती मालिका ही मालिका होती. या बाळांना काय जमणार? ठराव : एकही एपिसोड बघायचा नाही. फॅन ग्रुपवर (संस्थापक मी, सभासद ४१२, डोकं असलेला एक) तसं जाहीर केलं.

९ जून
पहिला एपिसोड पाहिला. चुका काढायला कुणीतरी बघायलाच हवं. सतरा निघाल्या. बायकोने विचारलं, मग दुसऱ्यांदा कशाला लावलाय? अठरावी दुसऱ्यांदाच दिसली, हे तिला काय कळणार.

१७ जून
गिऱ्हाइकाला चष्म्याच्या नंबराऐवजी एपिसोडचा नंबर लिहून दिला. दोष नव्या दिग्दर्शकाचा.

२० जुलै
शेवटचा एपिसोड. जुन्या शेवटाला मानवंदना म्हणे! जुन्यात डिटेक्टिव्ह कायमचा निघून जाताना चपला हातात घेऊन जिना उतरतो, वर मूल झोपलंय म्हणून. हा प्रसंग ग्रुपवर लिहून लिहून मी लोकांना रडवलंय. या दिवट्यांनी हातात बूट दाखवले. बूट! निर्मात्यांना चार पानी मेल.

२४ जुलै
उत्तर आलं : प्रसंग आम्हाला तुमच्याच ग्रुपवर सापडला, आभारी आहोत. म्हणजे चोरी, तीही कबुलीसकट.

२६ जुलै
ग्रुपमधल्या दातांच्या डॉक्टरला जुन्या शेवटच्या एपिसोडची कॅसेट मिळाली. त्यानं ती सगळ्यांना दाखवली. डिटेक्टिव्ह टॅक्सीत बसतो आणि जातो. चपला नाहीत. जिनासुद्धा नाही. कॅसेट कापलेली आहे, असं ठणकावलं. मी आणि ताईने एकत्र पाहिला होता, उद्या तिची साक्षच काढतो. डॉक्टरने फक्त दात दाखवणारं चित्र पाठवलं. धंदाच तो.

२७ जुलै
ताईला फोन. ती म्हणाली, तू कुठे पाहिलास? गोवर निघाला होता तुला, तापात झोपून गेलास. सकाळी रडून घर डोक्यावर घेतलंस, म्हणून शेवट मीच रचून सांगितला.
चपलांचं कुठून सुचलं, विचारलं.
“बाबा पहाटपाळीला तसेच जायचे ना. तुझी झोप मोडू नये म्हणून.”
दुकान उशिरा उघडलं.

२८ जुलै
ग्रुप सोडला. कारण : सभासदांची पातळी. संध्याकाळपर्यंत कुणाच्या लक्षातही आलं नाही.
ताईला पुन्हा फोन केला. बाबांचं आणखी काय काय आठवतं, ते विचारायचं होतं. म्हणाली, नवा ‘तिसरा जिना’ बघतेय, पाचवा भाग, फार सुंदर काढलाय रे. नंतर कर.