म्हशी पायी जातात त्या बेटाची सफर

मुक्काम अनसिंग

आदरणीय ग्यानबादादा यांना सतीशचा सप्रेम जयभीम.

पत्र लिहिण्यास कारण की, इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. (सर्व म्हणजे मी आणि मांजर. त्यातही मांजर हल्ली शेजारी हरीओमकडे जेवते.) आपले गुडघे, रुख्मिणीवहिनींची शुगर आणि आपल्या घरी मुक्कामी असलेल्या पाहुणीचा राग, या तिन्हींमध्ये उतार पडला असेल अशी आशा बाळगतो.

इथपर्यंत शाळेच्या ऑफिसातल्या क्लार्कसारखं लिहिलं, आता मले दम लागला. बाकीचं बोलतो तसं लिहितो. तुमची बहीण फोन उचलत नाई. तुमाले लावला तं तुमी 'रेंज नाई' म्हणून ठेवता, अन् मागून 'ठेवा म्हटलं ना' असा पौर्णिमाचा आवाज मले साफ ऐकू येते. म्हणून हे पत्र. तिनं तिची बाजू सांगतलीच असन. (हातवारे करून सांगतली असन, वहिनीनं मान हलवली असन.) आता माही ऐका.

सुरुवात या हरीओमनं केली. त्याच्या पोरानं त्याले अन् त्याच्या बायकोले, रूपालीले, कोण्या परदेशात फिरवून आणलं. शिडाचं जहाज, या बेटावरून त्या बेटावर, अन् बेटावर उतरलं का सायकल. घाई कशाचीच नाई. वारा असन तं जायचं, नसन तं बसून राह्यचं. (असे बसून राह्यलेले लोक मी आपल्या बसस्टँडवर रोज पाह्यतो, त्याच्यासाठी परदेशी कायले जा लागते?) एक अख्खी संध्याकाळ त्याईनं टीव्हीवर फोटो दाखवले. पौर्णिमा एक शब्द बोलली नाई. जी बाई लोकाईच्या लग्नातल्या वरणातही मीठ कमी काढते, ती गप्प बसली, तवाच मी समजलो का आता आपलं काई खरं नाई. दुसऱ्या दिवशी तूर निवडता निवडता म्हणते, "रिटायर झाल्यावर तुले फिरवीन, असं म्हणे एक माणूस. कुठी दिसला तं सांगजा मले."

आता समुद्र म्हटलं का मले टीव्हीत पाहूनही गरगरते. पण आपलं धरण काय कमी हाये? मधात दोन टेकाडं पाण्याबाहेर डोकं काढून बसलेली. चारी बाजूनं पाणी म्हणजे बेट, एवढा भूगोल मले येते. साक्षीची शाळेतली सायकल (पोरगी नोकरीले नागपूरले गेली तवापासून ती ओसरीत पोत्याईले टेकून उभी होती) अन् माही, अशा दोन सायकली पुसल्या, हवा भरली. धरणात मासे धरते त्या लखमाचा डोंगा ठरवला. लखमा म्हणे, "भाऊ, पलीकडच्या टेकाडावर तं म्हशी पायानं जातेत." मी म्हटलं, म्हशीईले सफर करायची नसते.

दिवसही मी लय इचार करून मंगळवारचा काढला. काहून, तं ते सांगतो. पाणीवापर संस्थेचा मी सचिव, हे तुमाले ठाऊकच हाये. पाटाच्या पार शेवटाले ज्याईचा भुईमूग हाये, त्याईले पाणी सोडा म्हणून मी हिवाळाभर हापिसात चकरा मारल्या. सायेब म्हणाले, मंगळवारी सोडू. असे मंगळवार मी लय पाह्यले होते. म्हटलं, मंगळवारी तं काईच होत नाई, हाच दिवस मोकळा.

सोयाबीन झाकायची ताडपत्री दोन बांबूले बांधून शीड केलं. वारा आला तसा डोंगा हलला अन् जागच्या जागी गोल फिरायले लागला. लखमाले काठावर ठेवून मी एकटाच खलाशी झालो होतो, त्यामुळं थांबवावं कसं हे डोंग्यात कोणालेच माहीत नव्हतं. पौर्णिमा म्हणते, "रूपालीच्या फोटोत धरणाची भिंत नव्हती. मले तं तीच ती दिसून राह्यली." पण हसत होती. दादा, तवा ती हसत होती, हे ध्यानात ठेवा.

कसे तरी पहिल्या टेकाडाले लागलो. मी माही सायकल उतरवली अन् सवयीनं म्हटलं, "बस मागं." लग्नापासून ती कॅरिअरवरच बसत आली. तर तिनं पदर खोचला, साक्षीची सायकल घेतली, बसली अन् निघाली! गवतातून, गोट्यातून, घंटी वाजवत. मी मागून ओरडतो, "कोणं शिकवली वं तुले?" तिकडून आवाज, "ग्यानबादादानं! आठवीत होती तवा!" म्हणजे या भानगडीच्या मुळाशी तुमी निघाले, हे आधी कबूल करा. इतका संसार झाला, मी कधी इचारलं नाई, तिनं कधी सांगतलं नाई. त्या टेकाडाची एक चक्कर मारायले चहाचा घोट घ्यायले लागते तेवढाही येळ लागत नाई, पण ती मारतच राह्यली. माह्याजवळून जाताना दरवेळी घंटी वाजवे. केस सुटलेले, तोंड लालबुंद. मले वाटलं, ही बाई कोण हाये, अन् इतके दिवस कुठी होती?

दुसऱ्या टेकाडाशी डोंगा चिखलाले घासतच लागला. समोर पाह्यतो तं म्हशी निवांत रवंथ करून राह्यल्या. आमच्या मागून निघून त्या आमच्या आधी पोचल्या होत्या. त्याईच्या बाजूले सतरंजी टाकली. भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी. तिनं पहिला घास मोडला अन् माहा फोन वाजला. "सचिव, पाट सुटला! सकाळीच सुटला!"

दादा, मी उडीच मारली. वळून पाह्यलं तं डोंगा बसलेला. पाणी उतरलं असन चार बोटं, पण डोंग्याच्या पोटाखाली होतं तेच चार बोटं. माह्याच अर्जानं माहं जहाज चिखलात घातलं. मी तिले म्हटलं, "तू जेव, मी आलोच." अन् सायकल खांद्यावर घेऊन म्हशीच्या वाटेनं चिखल तुडवत काठाले लागलो.

कोरड्या पाटातून पाण्याचं तोंड कसं येते ते तुमी पाह्यलं हाये. पुढं पाचोळा, फेस, बेडकं ढकलत, माणूस पायी चालन त्या चालीनं. मी त्याच्या बाजूबाजूनं सायकल चालवली. कुठी काडीकचरा अडला का उतरायचं, काढायचं, पुन्हा बसायचं. लोक बांधावरून हात करत. मले दुसरं काई सुचतच नव्हतं. पार शेवटाले, चतुराबाईच्या भुईमुगात पाणी शिरलं, तवा दिवस कलला होता. म्हातारीनं वाकून ते पाणी डोळ्याले लावलं, मले बशीत चहा देला अन् म्हणाली, "बाई कुठी हाये रे तुही? तिले काहून नाई आणलं पाणी पाह्यले?"

बशी तोंडाशी होती, ती तशीच राह्यली.

मंग सायकल अशी हाणली का चेन दोनदा पडली. टेकाडावर पाह्यतो तं डोंगा होता, म्हशी नव्हत्या, पौर्णिमा नव्हती. ताडपत्रीची घडी केलेली. डबा घासून उपडा ठेवलेला. अन् माह्या वाट्याची भाकरी फडक्यात बांधून, कुत्र्याईनं नेऊ नये म्हणून वर गोटा ठेवलेला. (रागात गेली, पण भाकरी झाकून गेली, एवढं तुमच्या घरचं वळण मी मानतो.) चिखलात तिच्या सायकलचा माग सडकेपर्यंत सरळ गेला होता, कुठीच डगमग नाई. सडकेवरून सायकल काळीपिवळीच्या टपावर टाकून ती रिठदले, तुमच्याकडं, गेली, हे लखमानं सांगतलं. माह्यासाठी निरोपही ठेवला होता, "म्हणा, आता पाण्यासोबतच राहा."

तं मी राहून राह्यलो. अंगण झाडतो, पण झाडताना तिच्यासारख्या गल्लीतल्या कोणालेच शिव्या बसत नाईत, त्याच्यानं झाडल्यासारखं वाटत नाई. टीव्हीचा रिमोट दिवसभर माह्याच हातात असते अन् काय लावू ते समजत नाई. डोंगा अजून तिथंच बसला हाये. लोक इचारतेत, "सचिव, जहाज कवा निघते?" संध्याकाळी धरणावर जाऊन बसतो. सडकेवर घंटी वाजली का मान वळते, तं दूधवाला असते. आता त्या दूधवाल्याचाही मले राग यायले लागला. दादा, आडपडदा काय ठेवू, तिच्याबिगर करमत नाई. जराही करमत नाई.

सचिवपदाचा मी राजीनामा देला हाये. तिले सांगा.

वहिनीले जयभीम. गुडघ्याले शेक देत जा.

तुमचा,
सतीश
(सध्या बेटावर एकटा)

ता. क. हे पत्र मनात वाचू नका. सैपाकघराकडे तोंड करून मोठ्यानं वाचा. मधात भांडी आदळली तं थांबा, भांडी थांबली का पुढं वाचा.

ता. क. आणखी एक. राजीनामा देला असं वर लिहिलं, ते तसं नाई. लिहून ठेवला हाये. चतुराबाईले अजून एक पाणी लागते, मंग पाहू. हे वाक्य मात्र मनात वाचलं तरी चालन.

ता. क. शेवटचं. तिले सोडायले तुमी येऊ नका, गुडघे सांभाळा. काळीपिवळीनंच पाठवा, पण सायकल अनसिंगच्या फाट्यावर टपावरून उतरवून घ्यायले सांगा. तिथून घरापर्यंत तिनं चालवायची. मी फाट्यावर पायी येऊन उभा राहतो, माही सायकल आणत नाई. साक्षीच्या सायकलचं कॅरिअर माह्या वजनानं वाकते काय, तेवढं आजच पाहून ठेवा. मले मागं बसायचं हाये.