पोहे खाऊन गेलेली माणसं

तीर्थरूप आबा,

विजू उद्या नगरपालिकेच्या निवडणुकीचा फॉर्म भरणार, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. विजू म्हणजे माझ्या अरुणची मुलगी, तुमची पणती. तुम्ही प्रेसिडेंट म्हणून ज्या सभेत बसायचात, तिथं आपल्या घरातलं कुणीतरी पुन्हा जाणार. आनंदानं मला परवा जेवण गेलं नाही. काल भीतीनं गेलं नाही.

झालं काय, काल दुपारी दोन माणसं आली. इस्त्रीचे कपडे, बोलणं गोड. "विजयाविषयी जरा बोलायचं होतं," म्हणाले. मला वाटलं, स्थळ घेऊन आलेत. लग्नाच्या मुलीच्या आजीला दुसरं काय वाटणार? अरुण ओझरला कारखान्यात, सून माहेरी. मी पोहे केले, वर खोबरं पेरलं आणि नातीचं कौतुक सुरू केलं. बी.ए. झालीय. स्वयंपाक उत्तम करते (हे खोटं, तुम्हाला म्हणून सांगते). रोज संध्याकाळी नाल्यापलीकडच्या बौद्ध वस्तीत मुलांना शिकवते, सायकलवर एकटी जाते, अंधार झाला तरी घाबरत नाही. निवडून आले तर त्या वस्तीत नळ आणीन म्हणते. कुठल्या रस्त्यानं परत येते, तेही मी सांगितलं. जीभ माझी! तुम्ही म्हणायचातच, कमळीच्या तोंडाला दार नाही.

त्यांनी पोहे संपवले. थोरला म्हणाला, "आजी, मुलगी गुणी आहे. तिला सांगा, फॉर्म भरू नकोस. वस्तीच्या नळाचं आमचं आम्ही बघू. रस्ता अंधाराचा आहे, तुम्हीच म्हणालात."

मी त्यांना आणखी पाणी हवं का विचारलं.

विजूला सांगितलं, तर हसायला लागली. "आजी, दोघांतला मुलगा कुठला होता? टकलू?"

"तुला थट्टा सुचतेय."

"पोहे तू दिलेस आणि रागावतेस माझ्यावर?"

संध्याकाळी कारखान्यातून आलेला अरुण मात्र पांढरा पडला. म्हणाला, "आई, ती माझं ऐकायची नाही. तू एकदा नको म्हण."

मग विजू हसायची थांबली. "आजी, तू नको म्हणालीस तर नाही भरणार मी," म्हणाली. घ्या. सगळं माझ्यावर आलं.

आबा, अशीच गोड बोलणारी माणसं तुमच्याकडेही आली होती ना? तुम्ही बाजारातलं नळकोंडाळं सगळ्या जातींना खुलं केलंत, त्याच्या आदल्या दिवशी. आई त्यांना सरबत देत होती. नंतर गवळी येईना, न्हावी येईना, आईच्या हळदीकुंकवाला एक बाई फिरकली नाही. शाळेत मुली माझ्यापासून सरकून बसायच्या. तुम्ही म्हणालात, "चार दिवस घरी राहू दे तिला." ते चार दिवस काही संपले नाहीत. चौदाव्या वर्षी माझं लग्न झालं.

पुढं तुम्ही निवडून मुंबईला कौन्सिलात गेलात. मुलींच्या शाळांसाठी काय बोललात म्हणे! लोक घरी येऊन सांगायचे. मी दाराआड पोळ्या लाटत ऐकायची आणि मला वाटायचं, हे कुठल्या मुलींविषयी बोलतात? तुमच्यावर रागवायचं धाडस तेव्हा नव्हतं. तुम्ही वारलात त्या वयापेक्षा आता माझं वय जास्त झालंय, म्हणून रागावते.

पण एक पाहिलंय मी. नळकोंडाळ्याच्या सकाळी तुम्हाला कोटाची बटणं लावता येत नव्हती. एकच बटण तीनदा सुटलं. आईनं बटणं लावली, तुम्ही टोपी घातलीत आणि गेलात. तुम्हालाही भीती वाटत होती. मग मला घरी बसवलंत, ते त्याच भीतीनं का? हे आधी कधी का सुचलं नाही मला? आम्हा बायकांना वाटायचं, पुरुष रागानंच वागतात.

काल रात्रभर 'नको' हा शब्द माझ्या तोंडात होता. सकाळी विजू केस विंचरत होती, आरशातून माझ्याकडे बघत होती. मी नको म्हणाले असते तर तिनं खरंच ऐकलं असतं. घरी बसली असती. चार दिवस.

मी म्हणाले, "भर बाई."

अरुण माझ्याशी बोलत नाहीये. त्याचं बरोबरच आहे. दारावर थाप पडली तरी दचकते. सुनेला बोलावून घेतलंय, शेजारच्या मास्तरांच्या कानावर घातलंय. आणखी काय करू?

एक करणार आहे. तुम्हाला शब्द देते. उद्या फॉर्म भरायला तिच्याबरोबर मी जाणार. आणि रोज संध्याकाळी वस्तीतही. ती शिकवेल तोवर बाहेर बायकांशी गप्पा मारत बसेन, मला काय कमी! परतताना तिनं सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालायचं. माझे गुडघे दुखतात, वेळ लागेल. लागू दे. अंधाराच्या पट्ट्यात तिचा दंड घट्ट धरीन. तिला वाटेल, म्हातारीला आधार हवाय.

तुमची,
कमळी