लाल हापशाचं पाणी

बाबा, मला भीती वाटते आहे, आणि ही भीती ओळखेल असं माणूस तुमच्याशिवाय दुसरं सुचत नाही. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. शाळेच्या प्रयोगशाळेत तुम्ही जन्मभर काचेची भांडी धुतलीत, आणि मी आता बुलढाण्याच्या कॉलेजात तसल्याच भांड्यांमध्ये संशोधन करते. काचेच्या पट्टीवर पांढऱ्या पुडीचा थर द्यायचा, ती पाण्यात ठेवून ट्रे उन्हात मांडायचा. ऊन पडलं की ती पूड पाण्यातला रंग, फवारणीच्या औषधाचा अंश, असलं बरंच काही तोडून टाकते. याला फोटोकॅटॅलिसिस म्हणतात. तुम्ही या नावाला पोट धरून हसला असता. पाण्यातल्या क्षारांना मात्र ती हात लावत नाही, आणि खारपाणपट्ट्यातल्या आपल्या गावाला नेमका क्षारांचाच त्रास.

गेल्या आठवड्यात गावातल्या शाळेत प्रात्यक्षिक दाखवायला गेले होते. अंगणातल्या हापशाला, पाणी पिऊ नये म्हणून, लाल रंग फासलेला आहे. मी मुद्दाम त्याचंच पाणी घेतलं. मोठी हौस होती ना. ट्रेमध्ये ओतलं, वर निळा रंग टाकला, आणि दुपारपर्यंत ते निळं पाणी जमलेल्या बायकांच्या डोळ्यांदेखत नितळ झालं. अख्खं अंगण टाळ्या वाजवतंय. काकू गर्दीतून पुढे येते, माझ्या गालावरून हात फिरवते, म्हणते, "बापाचं नाव काढलं पोरीनं." हे पाणी पिण्याचं नाही, असं मी बोलले, नाही असं नाही. पण अगदी शेवटी, माइक बंद झाल्यावर, चहाचे कप फिरत असताना, आणि तेही 'विद्राव्य क्षार' वगैरे पुस्तकी भाषेत. गुरुजी म्हणाले, मुलांना बघायला राहू द्या, म्हणून ट्रे तिथेच ठेवून आले.

आज सकाळी काकूचा फोन आला. "अवं माय, चार दिवस झाले, हापशाचं पानी तुह्या ट्रेत ठेवतो, त्याच्यावरच सयपाक करून राह्यलो आम्ही. जार बंदच केला. तुह्या काकालेबी हेच देतो." काकांच्या किडन्या थकल्यात, बाबा. डॉक्टरांनी त्यांना विकतच्या जारचं, कमी क्षारांचंच पाणी सांगितलंय, तेही मोजून. काका कसे आहेत, म्हणून विचारलं. "बरे हायेत. पाय जरासे सुजले. उन्हानं असंन." ती सूज उन्हाची नव्हती, हे मला तेव्हाच कळलं. तिचा आवाज इतका खुशीत होता की मी नुसतं "बरं काकू" म्हणाले आणि फोन ठेवला. शाळेतली पोरंही ते पितात का, एवढंही विचारलं नाही.

मी सहावीत होते. शाळा सुटल्यावर तुमची वाट बघत प्रयोगशाळेत बसले होते. तहान लागली, टेबलावरच्या काचपात्रात पाणी दिसलं, प्याले. तुम्ही दारातून पाहिलंत, धावत येऊन पात्र हातातून उडवलंत, माझ्या घशात बोटं घातलीत आणि वर एक कानाखाली दिलीत. "साफ दिसते म्हनून पेली काय वं?" ते नळाचंच पाणी होतं, तुम्हीच भरून ठेवलेलं, हे तुम्हाला मागाहून आठवलं. तरी तुम्ही मला पुन्हा पुन्हा चूळ भरायला लावलीत. दुसऱ्या दिवशी नांदुऱ्याच्या बाजारातून माझं नाव कोरलेला स्टीलचा पेला आणलात. "आता यातच पेत जाय." मी बरेच दिवस तुमच्यावर फुगून होते. त्या वेळी तुम्हाला काय झालं होतं, ते आज कळतंय.

दहा वाजून गेलेत. काकू आता वरणाला आधण ठेवेल. हा कागद कुठे जायचा नाही, तो इथेच सोडून मी तिला फोन लावणार आहे. पाणी ओतून दे, काकांना आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने, गुरुजींना सांगून ट्रे उपडा करायला लाव. ती घाबरेल, आणि मग विचारेल, "मंग तवाच धड काऊन नाही सांगितलं?" त्याचं उत्तर सुचावं म्हणून तुम्हाला लिहायला बसले, अशी मी स्वतःची समजूत घातली. उत्तर सकाळपासून माहीत आहे. सगळे टाळ्या वाजवत होते, बाबा, आणि त्या थांबू नयेत असं मला वाटत होतं.