माउंटखाली दबलेली वाट

प्रिय नाना,

तुम्ही होतात तेव्हा तुमच्याशी वाद घालायची सोय नव्हती, म्हणून आता घालते. आज गुलमंडीच्या आपल्या फ्रेमच्या दुकानातलं ते जंगलाचं चित्र काच बदलायला खाली काढलं, आणि मला राहवेना.

आठवतं ना? पोलीस अ‍ॅक्शननंतर एक ड्रॉइंग मास्तर ते फ्रेम करायला टाकून हैदराबादला गेले, ते परत आलेच नाहीत. पोस्टकार्डाएवढं एचिंग, तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं. दाट झाडी आणि पाठमोरा उभा एक माणूस. "अमानत हाय, इकायची नाय," म्हणत तुम्ही ते भिंतीला लावलंत. तेव्हा मी चार वर्षांची होते.

आई म्हणायची, "लाकडं तोडाय आला असंल." मला मात्र त्याची काळजी वाटायची. चारी बाजूंनी झाडं, वाट कुठंच नाही. बिचारा आत गेला तरी कसा?

मग मुंबईच्या चित्रकलेच्या कॉलेजात माझा नंबर लागला. तुम्ही रागावला नाहीत, नुसतं भिंतीकडं बोट केलंत. "त्या बाबाकडं बघ. एकटा गेला अन् फसला. दिसती का वाट?" मी बघितलं. वाट नव्हती. कॉलेजचं पत्र मीच फाडलं. फाड म्हणून तुम्ही सांगितलं नव्हतं, हे कबूल. किती हुशार होतात हो!

तेव्हापासून मी पुठ्ठे कापतेय. लोकांचे देव, लोकांची लग्नं, लोकांचे काश्मीरचे फोटो. माझी धाव घरापासून दुकानापर्यंत, फार तर फुलंब्रीला मावशीकडं.

आज फ्रेममागचे बारीक खिळे उपटले, चित्राभोवतीचा पुठ्ठ्याचा माउंट उचलला, तर डावीकडं दोन बोटं चित्र आणखी निघालं! झाडांमधून जाणारी पायवाट, तिच्या टोकाला छोटं घर, धुराडं, धूरसुद्धा. तो हरवलेला नव्हताच, नाना. घरात शिरायच्या आधी जरा झाडं बघत थांबला होता.

चित्र घरी नेलं, तर आई खाटेवरूनच चष्मा लावून त्यावर वाकली. "अगं बया, घर हाय की! तुझ्या बापाला दिसलं नाय व्हय?"

दिसलं होतं. माउंटच्या मागं तुमच्या पेन्सिलीनं आधी पूर्ण माप लिहिलंय, मग ते खोडून लहान. शिल्लक फ्रेम लहान पडली की चित्राची कड दाबायची, हे तुम्हीच मला शिकवलंत. त्याचा राग नाही, मीही तेच करत आले. पण माझ्यासमोर बोट केलंत तेव्हा ती वाट तुम्हाला आठवत होती का? विसरला असाल तर भांडण मिटलं. आठवत असेल तर? हे मी आता कुणाला विचारू?

माफ केलं, असं लिहिणार होते. हात चालत नाही. आणि आता मी जाणार तरी कुठं? आईला उठवून बसवायलासुद्धा मीच लागते.

एक वचन देते. नवा माउंट कापलाय, पूर्ण मापाचा, आणि त्याला बसेल अशी मोठी फ्रेमही. चित्र त्याच खिळ्याला लागेल आणि माझ्या हातून यापुढं कुणाच्याच चित्राची कड दबणार नाही. दुकानात येऊन कुणाच्या मुलीनं विचारलं, की या माणसाला वाट आहे का, तर मी तिला ती वाट बोट लावून दाखवीन.

तुमची, अजून दुकानातच असलेली,
शकू